बाभूळ : काळ्या रानाचा छायावृक्ष

यवतमाळहून धामणगाव रेल्वेकडे जाणाऱ्या मार्गावर बाभुळगाव हे तालुक्याचे ठिकाण आहे. वर्धा नदीच्या खोऱ्यातील हा प्रदेश. बेसाल्ट खडकाच्या झिजेतून बनलेली काळी, चिकण जमीन. कापूस, सोयाबीन व तूर ही मुख्य पिके. आणि एप्रिल-मे महिन्यांत पंचेचाळीस अंशांच्या घरात जाणारे ऊन. गावाच्या नावातच ज्या वृक्षाचे नाव आहे त्याची आठवण मात्र वृक्षारोपणाच्या कार्यक्रमात क्वचितच केली जाते. राज्यात २०१६ साली २ कोटी, २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी रोपे लावण्याचे उद्दिष्ट ठेवून मोहिमा घेण्यात आल्या. अशा मोहिमेचा शेवटचा निर्णय गावात होतो आणि तो बहुधा रोपवाटिकेत त्या दिवशी काय शिल्लक आहे यावर ठरतो. खड्डा खणला जातो, रोप लागते, छायाचित्र निघते. पुढच्या वैशाखात त्या खड्ड्यापाशी काय उरते याचा अनुभव बहुतेक ग्रामपंचायतींना आहे.

काळ्या जमिनीत कोणताही वृक्ष लावणे वाटते तितके सोपे नाही. ही जमीन पावसाळ्यात फुगते, पाणी धरून ठेवते आणि मुळांची हवा कोंडते. उन्हाळ्यात ती आक्रसते, तिला हातभर खोल भेगा पडतात आणि कोवळी मुळे त्या ताणाने तुटतात. शोभेच्या झाडांची रोपे येथे मरतात ती केवळ पाण्याअभावी नव्हेत. पाणी घातले तरी पहिल्या पावसाळ्यात कुजणारी आणि पहिल्या उन्हाळ्यात उपटल्यासारखी सैल होणारी रोपे ही जमिनीच्या या स्वभावाची बळी असतात. बाभूळ या जमिनीतच वाढलेली आहे. तिचे सोटमूळ पहिल्याच वर्षी खोडाच्या उंचीपेक्षा अधिक खोल जाते. काही आठवडे पाण्यात उभे राहणे ती सोसते, क्षारयुक्त चोपण जमीनही सोसते, आणि उन्हाळ्यात आपली पालवी राखते.

असे असूनही मराठीत बाभळीला मान नाही. ‘बोरी-बाभळीचे रान’ म्हटले की पडीक, निरुपयोगी जमीन असाच अर्थ घेतला जातो. बाभळीला आंबे लागत नाहीत, हे तर सर्वांना ठाऊकच आहे. परंतु ज्या शेतकऱ्याच्या बंडीची चाके, वखर, डवरा, तिफण आणि जू ही सारी बाभळीच्या लाकडाची होती, त्याला तिचे मोल सांगावे लागत नव्हते. वऱ्हाडात इंग्रजी अमदानीत वनखात्याने काळ्या जमिनीवरील बाभळीची राने ‘बाभूळबन’ या नावाने वेगळी राखली होती. डोंगरावरचा साग इमारतीसाठी आणि मैदानातली बाभूळ औतासाठी व जळणासाठी, अशी ती सरळ वाटणी होती. लोखंडी औजारे, रबरी चाके आणि ट्रॅक्टर आल्यावर औताच्या लाकडाची गरज ओसरली. धुऱ्यावरची बाभूळ तुटली ती वीटभट्टीला आणि जळणाला गेली, आणि तिच्या जागी दुसरी लावण्याचे कारण कोणाला उरले नाही.

तोडलेली बाभूळ पुन्हा येत नाही

बाभूळ कमी का होते, याचे कारण तिच्या वाढीच्या रीतीत आहे, आणि ग्रामपंचायत सदस्यांनी ते नीट समजून घेणे अगत्याचे आहे. निलगिरी किंवा सुबाभूळ बुंध्याशी तोडली तरी खुंटातून जोमदार धुमारे फुटतात. साग फुटतो. बाभळीचा खुंट मात्र भरवशाने फुटत नाही. मोठे झाड तोडले की बहुधा ते कायमचे गेले. तिची पुढची पिढी बियांपासूनच येते. त्या बियांना कठीण कवच असते, उगवण्यासाठी मोकळे ऊन लागते, आणि उगवल्यानंतर दोन-तीन वर्षे शेळ्या-गुरांपासून संरक्षण लागते. पूर्वी पडीक धुरे, नाल्याचे काठ आणि गावालगतचा आखर येथे ही संधी मिळत असे. धुरे अरुंद झाले, त्यांवर तणनाशक फवारले जाऊ लागले, नाल्यांचे खोलीकरण करताना काठ मोकळे झाले. झाड तोडण्याचा वेग पूर्वीइतकाच राहिला, उगवण्याची जागा तेवढी गेली.

याच्या नेमके उलट वागणारे एक झाड याच काळात पसरले. लोक त्याला वेडी बाभूळ किंवा विलायती बाभूळ म्हणतात. शास्त्रीय नाव प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा. मूळ अमेरिका खंडातील हे झाड १८७७ साली हिंदुस्थानात आणले गेले. ते बुंध्याशी तोडले तर अनेक फांद्यांनी पुन्हा उभे राहते, कारण त्याचे डोळे जमिनीखालच्या मुळाच्या डोक्यावर असतात. म्हणजे कुऱ्हाड दोघींवर सारखीच चालली तरी देशी बाभूळ संपते आणि वेडी दाट होते. पाणथळ जागा, पडीक गायरान आणि रस्त्याच्या कडा या रीतीने हळूहळू वेडीच्या ताब्यात जातात, आणि ‘बाभळी माजल्या आहेत’ असा शेरा कागदावर येतो. गुन्हा एकीचा, नाव दुसरीचे.

दोघींतील फरक शाळेतील मुलांनाही सहज दाखविता येईल. देशी बाभळीची फुले गर्द पिवळी आणि गोल गेंदासारखी असतात; वेडीची फुले फिकट पिवळसर, बोटासारख्या लांबट तुऱ्यात येतात. देशी बाभळीची शेंग राखी रंगाची, मखमली लवेची आणि प्रत्येक बीजापाशी फुगून मध्ये आवळलेली असते, जणू मण्यांची माळ. वेडीची शेंग गवती पिवळी, गुळगुळीत आणि चपटी. देशी बाभळीची साल काळपट असून तिला खोल उभ्या चिरा असतात. काटे पांढरे, सरळ व जोडीने येणारे. हिवर हे तिचे देशी भावंड. त्याची साल फिकट आणि फुले पांढुरकी पिवळी. सुबाभळीला काटेच नसतात आणि फुलांचे गेंद पांढरे असतात. तिचे मूळ स्थान मेक्सिको होय. १९७० व १९८० च्या दशकांत चाऱ्यासाठी व जळणासाठी तिची मोठी प्रसिद्धी झाली. त्यामुळे ‘बाभूळ लावली’ असे अहवालात वाचले तर कोणती बाभूळ, हा प्रश्न विचारणे भाग पडते.

येथे नावाचा आणखी एक गुंता आहे. जुन्या वनस्पतितज्ज्ञांनी देशी बाभळीतही तीन प्रकार मानले होते: मोठ्या विस्ताराची, उत्तम लाकडाची तेल्या बाभूळ, कमी प्रतीच्या लाकडाची, अल्पायुषी कौऱ्या, जिला दख्खनमध्ये वेडीही म्हणत, आणि सुरूसारखी उभी, अरुंद वाढणारी रामकाठी. आज वेडी म्हटले की विलायतीच समजली जाते. शास्त्रीय नावही स्थिर राहिलेले नाही. जुन्या पुस्तकांत अकेशिया अरेबिका, नंतर अकेशिया निलोटिका. २००५ साली व्हिएन्ना येथे भरलेल्या वनस्पतिशास्त्र परिषदेत अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियातील जातींकडे राहावे असे ठरल्यानंतर आपली बाभूळ व्हॅचेलिया निलोटिका झाली. रोपवाटिकेकडे मागणी करताना मराठी नावासोबत हे नाव लिहिले तर घोटाळा टळतो.

सावली आणि तिचे भाडेकरू

बाभळीची सावली वडाच्या सावलीसारखी गडद नसते. पाने बारीक पर्णिकांची असल्याने ऊन चाळणीतून यावे तसे खाली येते. गुरांना एवढी सावली पुरते, आणि तिच्याखाली गवत मरत नाही. जिल्ह्याच्या डोंगरभागातील साग, सालई ही झाडे ऐन उन्हाळ्यात निष्पर्ण होतात. त्या वेळी मैदानातील बाभळीला पाला असतो, आणि एप्रिलपासून तिच्या शेंगा पिकून गळू लागतात. हिरवा चारा संपलेला असताना सावली आणि शेंगा एकाच जागी मिळणे ही शेळ्या-मेंढ्यांच्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे. रानातल्या जनावरांच्या दृष्टीनेही तेच. काळवीट, चिंकारा व रोही या शेंगा खातात, आणि त्यांच्या पोटातून बी दूर जाऊन पडते.

काट्यांमुळे माणूस ज्या झाडापासून दूर राहतो, त्याच काट्यांमुळे पक्षी त्याच्याजवळ येतात. सुगरण पक्ष्याची लोंबती घरटी विहिरीवर किंवा पाण्यावर झुकलेल्या बाभळीवर दिसतात, कारण मांजर, साप किंवा माकड तेथवर सहज पोचत नाही. घरटे नर विणतो. ते अर्धे झाले की मादी येऊन पाहते, पसंत पडले तर पुढचे काम पुरे होते, नाहीतर नर दुसरे विणू लागतो. डॉ. सालिम अली यांनी १९३० साली कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील किहीम येथे या पक्ष्याचे जे निरीक्षण केले, त्यातून ही रीत प्रथम नीट उलगडली. घरटी बहुधा झाडाच्या पूर्व बाजूस असतात, म्हणजे नैऋत्येकडील पावसाळी वाऱ्यापासून त्यांना आडोसा मिळतो. शिक्षकांनी पावसाळ्यात मुलांना असे झाड दाखवून दिशा ओळखण्यास सांगावे. भूगोल आणि जीवशास्त्र यांचा हा पाठ एकाच झाडाखाली होतो.

खाटीक पक्षी टोळ, सरडे असे भक्ष्य बाभळीच्या काट्यावर टोचून ठेवतो आणि सवडीने खातो. त्याचे नाव त्यावरूनच पडले. कोतवाल उंच उघड्या फांदीवर बसून कापसाच्या रानावर उडणारे किडे झेपावून पकडतो. त्याला बसण्यास जागा हवी असते, आणि सलग मोकळ्या शिवारात ती नसते. जुन्या झाडाच्या ढोलीत पिंगळा राहतो. उंदीर व मोठे किडे हे त्याचे अन्न. पावसाच्या आरंभी येणारा चातक आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतो आणि सातभाई घरट्यासाठी काटेरी झाडेझुडपे पसंत करतात. चातकाची वाट पाहणाऱ्या गावाने सातभाईंची सोय आधी पाहिली पाहिजे. फुलांच्या दिवसांत मधमाश्या परागासाठी येतात. ‘बाभूळ निळे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लहानशा फुलपाखराच्या अळ्या तर याच कुळातील झाडांच्या पाल्यावर वाढतात. डिंक माणसाला जसा लाडवासाठी हवा असतो, तसा तो माकडांनाही आवडतो.

सर्वांत मोठी वसती मात्र पाण्यातल्या बाभळींवर होते. पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातील भादलवाडीच्या तलावात उभ्या असलेल्या बाभळींवर चित्रबलाक या मोठ्या करकोच्याची घरटी होतात. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात बगळे, पाणकावळे, चमचे आणि चित्रबलाक यांची जी वीण होते तिचा आधारही बाभूळच. तेथे पाणथळ भागात मातीचे उंचवटे करून मुद्दाम बाभळी वाढविलेल्या आहेत. बाभुळगाव तालुक्यात खडक सावंगा येथे बेंबळा नदीवर मातीचे धरण झालेले असून मोठा जलाशय निर्माण झाला आहे. हिवाळ्यात पाणपक्षी अशा जलाशयांवर उतरतात, परंतु वीण करण्यास त्यांना पाण्यालगत उंच काटेरी झाडे लागतात. जलाशय नवा असला की ती नसतात. पाणी वर्षातून काही महिनेच चढते अशा काठाच्या पट्ट्यात, जलसंपदा विभागाच्या संमतीने, उंचवट्यांवर बाभळी लावणे हे काम त्या भागातील गावांना हाती घेण्याजोगे आहे. मात्र बारमाही पाण्यात बाभूळही मरते. आणि मातीच्या धरणाच्या भिंतीवर कोणतेही झाड लावू नये, कारण मुळांच्या वाटेने पाणी झिरपू लागते.

एका परदेशी गावकुसाबाहेर

बाभळीची शिफारस करताना एक गोष्ट सांगितली पाहिजे. हीच भारतीय बाभूळ १८९० च्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड प्रांतात नेण्यात आली. झाडे नसलेल्या गवताळ मैदानात मेंढ्यांना सावली आणि शेंगांचा चारा मिळावा हा हेतू होता, आणि तो चांगला होता. कूपनलिकांच्या पाण्याच्या चरांकाठी ती लावली गेली. पुढे मेंढ्यांच्या जागी गुरे आली. गुरांच्या शेणातून अखंड बी दूरवर पोचू लागले, १९५० व १९७० च्या दशकांत लागोपाठ ओली वर्षे आली, आणि झाडाने गवताची मैदाने गिळली. १९५७ साली तिला तेथे उपद्रवी तण ठरविण्यात आले. पुढे ती देशाच्या प्रमुख तणांच्या यादीत गेली. तिचा प्रसार साठ लाखांहून अधिक हेक्टरांवर सांगितला जातो.

तेथे तिला खाणारे किडे नव्हते. बियांत शिरणारे भुंगे, मुळे पोखरणारे भुंगेरे, पाला खाणाऱ्या अळ्या हे सारे मागे, भारतात राहिले होते. ऑस्ट्रेलियाने पुढे असे काही कीटक नेऊन सोडण्याचे प्रयोगही केले. आपल्याकडे विलायती बाभळीची जी कथा झाली तीच तेथे आपल्या बाभळीची झाली. देशी झाड लावा, असे म्हणताना भावनेचा भाग किती आणि व्यवहाराचा किती, हे या उदाहरणावरून समजावे. झाडाचे शत्रूही जेथे आहेत तेथेच ते आवाक्यात राहते, आणि ते शत्रू पक्ष्यांचे अन्न असते.

बी, पेरणी आणि राखण

बाभळीच्या शेंगा एप्रिल ते जून या काळात पिकतात. सरळ खोडाच्या, भरगच्च पाल्याच्या झाडांखाली चादर अंथरून फांद्या हलवाव्यात. जमिनीवर फार दिवस पडलेल्या शेंगा घेऊ नयेत. त्यांतील बहुतेक बियांत भुंगे शिरलेले असतात. उन्हात वाळवून, बडवून बी वेगळे करावे आणि पाण्यात टाकून तरंगणारे फेकून द्यावे. एका किलोत साधारणपणे सात ते अकरा हजार बिया बसतात, म्हणजे एका गावाच्या धुऱ्यांसाठी दोन किलो बी विपुल होते. यासाठी निविदा काढण्याचे कारण नाही.

बियांचे कवच फार कठीण असते. ते मऊ करण्याची सर्वांत जुनी रीत शेळ्यांची आहे. शेंगा सायंकाळी शेळ्यांना घालाव्यात. रात्री रवंथ करताना त्या पुष्कळ बी तोंडातून टाकतात, काही लेंड्यांतून येते. सकाळी वाडा झाडताना ते वेचून घ्यावे. अशा बियांची उगवण चांगली होते हे जुन्या वनाधिकाऱ्यांनीही नोंदविलेले आहे. शेळ्या नसतील तर पाण्यास उकळी आणून ते आचेवरून उतरवावे, थोडा वेळ थांबून त्यात बी टाकावे व त्याच पाण्यात चोवीस तास राहू द्यावे. फुगलेले बी लगेच पेरावे. न फुगलेल्यांवर तीच क्रिया पुन्हा करावी.

शक्य तेथे पिशवीतील रोपापेक्षा जागेवर पेरणी अधिक चांगली. कारण उघड आहे. बाभळीचे सोटमूळ झपाट्याने खाली जाते. लहान पिशवीत ते तळाशी गुंडाळले जाते आणि जमिनीत लावल्यावरही ते गुंडाळलेलेच राहते. असे झाड तीन-चार वर्षे बरे दिसते आणि एखाद्या वादळात कलंडते. रोपेच करावयाची असतील तर खोल पिशव्या घ्याव्यात, फेब्रुवारी-मार्चमध्ये मागील हंगामातील साठविलेले बी लावावे आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात रोपे लावून मोकळे व्हावे. दुसऱ्या वर्षापर्यंत ती पिशवीत ठेवू नयेत. पेरणीसाठी मृगाचा चांगला पाऊस झाल्यावर धुऱ्यावर दर दोन-तीन मीटरवर वीतभर जागा भुसभुशीत करून तीन-चार बिया दीड सेंटिमीटर खोल टाकाव्यात. उगवल्यावर प्रत्येक ठिकाणी जोमाचे एकच रोप ठेवावे. पुढील चार-पाच वर्षांत विरळणी करीत दोन झाडांत आठ ते दहा मीटर अंतर राखावे. विरळणीतील काठ्या जळणाला व कुंपणाला येतात.

पहिल्या दोन पावसाळ्यांत तण काढणे हे पाणी घालण्यापेक्षा महत्त्वाचे आहे. बाभूळ उन्हाची भुकेली असते. गवताच्या किंवा मोठ्या झाडाच्या सावलीत ती खुरटते. राखणीसाठी लोखंडी जाळ्यांवर खर्च करण्याची गरज बहुधा पडत नाही. गावाभोवतीची वेडी बाभूळ मुळाच्या डोक्यासह, हातभर खोल खणून काढावी आणि तिच्याच वाळल्या काट्या देशी रोपांभोवती रोवाव्यात. एका कामात दोन्ही साधतात. नुसती वरून छाटलेली वेडी मात्र पुढच्या वर्षी दुप्पट होऊन उभी राहते, म्हणून खणण्याच्या कामावर कोणीतरी देखरेख ठेवलीच पाहिजे.

शेतकऱ्याचे आक्षेप

धुऱ्यावर झाड म्हटले की शेतकरी नाखूश असतो, आणि त्याचे म्हणणे खोटे नाही. बाभळीच्या जवळच्या तासांत पीक कमी येते. सावली आणि मुळे दोन्ही पिकाशी स्पर्धा करतात. तिच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र धरतात आणि पाल्याने जमीन सुधारते हे खरे असले तरी तो लाभ सावकाश मिळतो, आणि तासातली तूट त्याच हंगामात दिसते. दोन उपायांनी ही तूट बरीच आटोक्यात येते. झाड तिसऱ्या-चौथ्या वर्षात गेले की खोडाच्या खालच्या एक तृतीयांश भागावरील फांद्या दरवर्षी उन्हाळ्यापूर्वी छाटाव्यात. खोड सरळ होते आणि सावली फिरती राहते. दुसरे म्हणजे जागेची निवड. रब्बीच्या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे असल्याने सावली झाडाच्या उत्तरेस पडते. ज्या धुऱ्याच्या उत्तरेस पांदण रस्ता, नाला किंवा पडीक असेल तो धुरा आधी निवडावा. शेजाऱ्याच्या शेतावर सावली पडेल असे झाड लावून वाद ओढवून घेण्यात अर्थ नाही. कोठे मिळाली तर रामकाठी जात लावावी, तिचा विस्तार अरुंद असल्याने पिकावर सावली कमी पडते.

रोही आणि रानडुकरे यांच्या उपद्रवाने त्रासलेल्या शेतकऱ्याला वन्यजीवांच्या उपयोगाचे झाड लावा असे सांगणे त्याला थट्टेसारखे वाटेल. बाभळीमुळे रोही कमी होत नाहीत. लहान रोपे तर ते खातातच. पीक वाचविण्यासाठी कुंपण आणि राखण लागते, त्याला झाड हा पर्याय नाही. मात्र मोठ्या झाडाच्या छाटलेल्या काटेरी फांद्या कुंपणाला दरवर्षी मिळतात, ही तिची स्वतःची भर आहे.

बाभूळ कोठे लावू नये हेही सांगणे आवश्यक आहे. शाळेच्या मैदानात, पायवाटेवर आणि अंगणवाडीच्या आवारात ती नको. अनवाणी पायांना आणि सायकलींना काटे घातक ठरतात. तेथे कडुनिंब, वड, करंज यांची सावली योग्य. शाळेच्या कुंपणाची बाहेरची कड, गावतलावाचा काठ, गुरांचा आखर, पांदण रस्त्याची शेताकडील बाजू आणि ई-वर्गाची पडीक जमीन या तिच्या जागा होत.

कागदावरची बाभूळ

महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ याच्या अनुसूचीत साग, मोह, आंबा, चिंच, हिरडा, खैर, जांभूळ इत्यादी झाडे येतात; बाभूळ त्यांत नाही. त्यामुळे खाजगी शेतातील बाभूळ तोडताना त्या झाडांसारखी अडवणूक होत नाही. शेतकऱ्याला हे सोयीचे आहे आणि त्यात बदल व्हावा असे म्हणण्याचे कारण नाही. तोडण्याची मोकळीक असलेले झाडच तो लावील. परंतु गावाच्या सामाईक जमिनीवरील जुन्या बाभळींना, विशेषतः ढोल्या असलेल्या आणि सुगरणीच्या घरट्यांच्या झाडांना, ग्रामसभेच्या ठरावाखेरीज दुसरे संरक्षण फारसे उरत नाही. असा ठराव झाडांच्या जागा व संख्या नमूद करून केला, तर लिलावाच्या वेळी तो दाखविता येतो.

धुऱ्यावरील झाडांची नोंद शेतकऱ्याने स्वतः करून घ्यावी. २०२१ पासून राज्यात सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत पिकांबरोबर बांधावरील झाडे नोंदविण्याची सोय आहे. बहुतेक जण पिकाची नोंद करून थांबतात. तलाठी व कृषी सहायक यांनी पाहणीच्या दिवसांत याची आठवण दिली, तर गावात देशी बाभळी नेमक्या किती आहेत हा आकडा प्रथमच हाती येईल. नोंद करताना देशी आणि वेडी वेगळ्या लिहाव्या लागतील, आणि त्यासाठी शेंगेचा एक-एक नमुना तलाठी कार्यालयात ठेवलेला बरा.

जागेवर पेरलेली बाभूळ साधारणपणे पाच ते सात वर्षांत शेंगा धरू लागते. औताजोगे लाकूड येण्यास पंधरा-वीस वर्षे लागतात, पण सुगरण तेवढी थांबत नाही. पाण्यावर झुकणारी फांदी भार पेलण्याजोगी झाली की ती येते. पहिले बी गोळा करण्याचा काळ येत्या एप्रिलपासून जूनपर्यंत आहे. त्यासाठी गावात शेंगा धरणारी जुनी झाडे कोठे उरली आहेत, हे त्याआधी, म्हणजे झाडे पिवळ्या फुलांवरून दुरूनही ओळखता येतात त्या पावसाळ्यातच, फिरून पाहून ठेवावे.